वज्रयानाचा ऑनलाइन कोर्स : इतिहास एक नंबर, साधनेचा मॉड्यूल सरळ स्किप करा

तंत्र म्हटलं की लोकांच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात, एकतर स्मशान-कवट्या-अघोरी बाबा, नाहीतर ते रिट्रीट आणि वर्कशॉपवालं गुलाबी प्रकरण. त्यातून बौद्ध तंत्र, म्हणजेच वज्रयान, म्हटलं की अजूनच गोंधळ, कारण आपल्याला बुद्ध माहितीये तो शांत, डोळे मिटलेला, आणि इथे समोर येतो आठ तोंडांचा, सोळा हातांचा, चार पायांचा हेवज्र नावाचा देव, गळ्यात मुंडमाळ आणि प्रत्येक हातात कवटी. हा प्राणी त्याच परंपरेत आला कुठून, एवढ्या एका प्रश्नासाठी मी हा मराठी रेकॉर्डेड कोर्स घेतला. कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुढे बऱ्याच तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये.

थोडक्यात आधीच सांगते, उगमाचा आणि विचाराचा भाग इतका चांगला आहे की मराठीत असं काही ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा साधनेचा मॉड्यूल मात्र कोर्समध्येच जे शिकवलंय त्याच्या अगदी उलट जातो. आता सविस्तर.

कोर्स शिकवणाऱ्या मॅडम सुरुवात वज्रयानापासून करतच नाहीत, पालीतल्या परित्तांपासून (रक्षणासाठी म्हणायची सूत्रं) करतात, हे मला फार आवडलं. रतनसुत्त, मेत्तसुत्त वगैरे रक्षणासाठी म्हणायची पद्धत थेरवादात जुनीच आहे, पुढे महायानात धारणी (मंत्रासारखी छोटी पाठ्यं) आल्या, साप चावू नये, रोग जावा, पाऊस पडावा म्हणून म्हणायच्या. म्हणजे मंत्र एका रात्रीत आभाळातून पडले नाहीत आणि 'बौद्ध धर्म भ्रष्ट झाला म्हणून तंत्र आलं' ही जी इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली थिअरी आहे तिच्यातली अर्धी हवा इथेच निघून जाते. खरं वळण येतं सातव्या शतकाच्या आसपास. तोवर मंत्र होता छोट्यामोठ्या कामांसाठी, आता तोच मंत्र, मुद्रा, मंडल सगळं मिळून थेट बुद्धत्व मिळवायचा मार्ग होतो, आणि तेही महायानात सांगितलेली असंख्य कल्पांची वाट न बघता याच जन्मात. सुरुवातीला याला वज्रयान नाही, मंत्रनय म्हणायचे, पारमितानय (दान, शील वगैरे गुण जन्मोजन्मी पूर्णत्वाला न्यायची वाट) एक आणि मंत्रनय एक, महायानाच्याच दोन वाटा. हा मुद्दा मॅडम पुन्हा पुन्हा ठोकून सांगतात आणि ते बरोबरच आहे, कारण शून्यता (कशालाच स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व नाही ही समज) आणि करुणा हे दोन खांब काढले तर तंत्रातलं काहीच उभं राहत नाही.

आता हे सातव्या शतकातलं आहे हे कळलं कसं, तर चीनमुळे, आणि हा भाग मला डिटेक्टिव्ह गोष्टीसारखा वाटला. भारतीय ग्रंथांवर तारखा नसतात पण चिनी लोकांनी भाषांतराचं साल लिहून ठेवलंय. शुभाकरसिंह नावाचे भारतीय भिक्षू ७१६ साली छांगआनला, चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, पोचले, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते (त्या वयात!), आणि ७२४-७२५ च्या सुमारास त्यांनी यीशिंगबरोबर महावैरोचन सूत्राचं, म्हणजे या नव्या मार्गाच्या एका सुरुवातीच्या ग्रंथाचं, भाषांतर केलं. हा यीशिंग भिक्षू होता आणि खगोलशास्त्रज्ञ पण होता. म्हणजे मूळ ग्रंथ त्याच्याआधीचा असलाच पाहिजे. पाठोपाठ ७२० मध्ये वज्रबोधी आणि मग त्यांचे शिष्य अमोघवज्र. अमोघवज्रांचे शिष्य हुइगुओ, आणि त्यांच्याकडे ८०४ साली जपानहून कूकाई गेले, दोन वर्षांत सगळं शिकून परत आले आणि ८१६ मध्ये त्यांना मठासाठी कोयासान डोंगराची जागा मिळाली. जपानचा शिंगोन पंथ तो हाच, आजही चालू आहे. यातून एक भारी गोष्ट कळते. शिंगोनमध्ये महावैरोचन आहे, वज्रशेखर (त्याच थरातला दुसरा ग्रंथ) आहे, पण हेवज्र, चक्रसंवर या नंतरच्या तंत्रांची साधना नाही, तो सगळा थर भारतात नंतर तयार झाला आणि तिबेट-नेपाळकडे गेला. म्हणजे जपानमध्ये जणू आठव्या शतकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय आणि तिबेटमध्ये त्यानंतरचे सगळे अपडेट्स.

राजकारणाचा भाग तर माझा सगळ्यात फेवरेट. गुप्त साम्राज्य मोडलं, हर्षानंतर उत्तरेत सगळीकडे छोटे राजे, सामंत, रोज लढाया, व्यापारी श्रेणींचा जो आधार विहारांना होता तो कमी झाला. आणि नेमक्या या काळात बौद्ध दीक्षेचा विधी कसा होतो बघा : अभिषेक, मुकुट, कलशातलं पाणी, नवीन नाव. हा चक्क राज्याभिषेक आहे. मंडल म्हणजे काय तर चार दारांचा राजवाडा, मध्ये सार्वभौम, भोवती त्याचे सामंत आपापल्या दिशेला. कौटिल्याच्या काळापासून राजकारणात मंडल हा शब्द राजांच्या वर्तुळासाठीच चालत आलाय. साधक स्वतःला त्या वाड्याच्या मध्यभागी बसलेला बघतो. मॅडम असं म्हणत नाहीत की सगळं राजकारणच होतं, पण त्या काळच्या माणसाला सत्ता म्हटल्यावर जे चित्र दिसायचं तेच चित्र मुक्तीसाठी वापरलंय, हे त्यांनी फार छान उलगडलंय.

मग पाल राजे येतात. धर्मपालाने विक्रमशिला काढली, आठव्या शतकाच्या शेवटी किंवा नवव्याच्या सुरुवातीला, बिहारमध्ये भागलपूर जिल्ह्यात अंतीचकला तिचे अवशेष आहेत. कोर्समध्ये उत्खननाचा प्लॅन स्क्रीनवर दाखवलाय, मोठा चौकोन, चारही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, एकूण २०८, आणि मधोमध क्रॉसच्या आकाराचा स्तूप. प्लॅनवरच मंडलाचं चित्र ठेवून दाखवलंय. बघताना अंगावर काटा आला खरंच, आता हे जुळणं किती मुद्दाम आणि किती योगायोग ते बाजूला ठेवू. एक गोष्ट मात्र पक्की कळली, हे तंत्रवाले कोपऱ्यात लपून चाललेलं काहीतरी नव्हते, नालंदा-विक्रमशिलेत न्याय, माध्यमक (शून्यतेचं तत्त्वज्ञान), प्रमाणशास्त्र (ज्ञान खरं कसं ठरवायचं याचं शास्त्र) शिकवणारे जे पंडित होते त्यांच्यातलेच कितीतरी जण तंत्रग्रंथांवर भाष्यं लिहीत होते.

शैवांकडून काय घेतलं यावर एक अख्खं लेक्चर आहे आणि इथे मॅडमना फुल मार्क्स, कारण या विषयावर भले भले गुळमुळीत बोलतात. कपाल, खट्वांग (कवटी लावलेला दंड), भस्म, स्मशान, योगिनी हे सगळं कापालिक शैवांचं, म्हणजे कवटी घेऊन फिरणाऱ्या शैव साधूंचं, सामान, आणि चक्रसंवर तंत्रातले काही भाग शैव ग्रंथांवरून उचललेत असं संस्कृतचे अभ्यासक अलेक्सिस सँडरसन यांनी ओळीला ओळ लावून मांडलंय. सगळ्यांना ते पटत नाही, वाद चालू आहे, पण मांडणी ऐकण्यासारखी आहे. गंमत म्हणजे बौद्धांनी हे घेताना कुरघोडीही केलीये. तत्त्वसंग्रह तंत्रात कथा आहे की महेश्वर काही ऐकेना, मग वज्रपाणी या बोधिसत्त्वाने त्याला पायाखाली घेतला, मारला आणि परत जिवंत करून मंडलात जागा दिली. म्हणूनच त्रैलोक्यविजयाच्या, म्हणजे वज्रपाणीच्या याच उग्र रूपाच्या, मूर्तीत पायाखाली शिव-पार्वती दिसतात. आज ही मूर्ती बघून कुणाच्याही भावना दुखावू शकतात, त्यामुळे हे म्युझियममध्ये गाइड सांगतच नाहीत, पण दोन्ही पंथ एकाच राजाच्या दरबारात, एकाच गिऱ्हाइकासाठी झगडत होते हे लक्षात घेतलं की कथा समजते.

आता मूळ विचार. इथे मॅडम स्क्रीनवर चित्रं न लावता सरळ हातात वज्र आणि घंटा घेऊन बसतात आणि मला वाटतं अख्ख्या कोर्समधली ही सगळ्यात चांगली पंधरा-वीस मिनिटं आहेत. कॅमेरा जवळ नेलाय. वज्र उजव्या हातात, ते उपाय म्हणजे करुणा. घंटा डाव्या हातात, ती प्रज्ञा म्हणजे शून्यतेचं ज्ञान. वज्राच्या एका टोकाचे पाच आरे मोजून दाखवतात, चार बाजूंचे आत वळलेले आणि एक मधला, हे पाच तथागत, म्हणजे पाच बुद्ध. घंटेच्या दांड्यावर एक छोटासा चेहरा कोरलेला असतो, ती प्रज्ञापारमिता, आणि वर अर्धं वज्र. मग दोन्ही हात छातीशी एकमेकांवर आडवे धरतात. कळवळा आहे पण समज नाही तर माणूस नुसता गुंततो, समज आहे पण कळवळा नाही तर कोरडा होतो, दोन्ही एकत्र असले तरच वज्रयान, हे त्यांनी हातातल्या वस्तूंवरून सांगितलंय त्यामुळे विसरायला होत नाही. युगनद्ध मूर्ती, म्हणजे देव-देवी मिठीत असलेल्या, त्याही हेच सांगतात.

पाच तथागतांचा तक्ता पण नीट समजावलाय. मध्ये वैरोचन, पूर्वेला निळा अक्षोभ्य, दक्षिणेला पिवळा रत्नसंभव, पश्चिमेला लाल अमिताभ, उत्तरेला हिरवा अमोघसिद्धी. प्रत्येकाशी एक क्लेश (मनाचा विकार) जोडलाय आणि एक ज्ञान. राग अक्षोभ्याचा, तो शुद्ध झाला की आदर्शज्ञान, आरशासारखं, जे आहे ते जसंच्या तसं दिसतं. अहंकाराचं समताज्ञान (सगळे सारखे) होतं, वासनेचं प्रत्यवेक्षणाज्ञान (प्रत्येक गोष्ट वेगळी ओळखणारं), मत्सराचं कृत्यानुष्ठानज्ञान (जे करायचं ते पार पाडणारं) आणि मोहाचं धर्मधातुज्ञान (सगळ्याचं मूळ स्वरूप जाणणारं). (परंपरेनुसार अक्षोभ्य आणि वैरोचन यांची अदलाबदल होते, तेही सांगितलंय, उगाच एकच खरं असं नाही केलं.) राग उपटून टाका असं इथे कुणी म्हणत नाही, रागात जी धार आहे तीच वापरायला शिका असं म्हणतात. हे ऐकायला सोपं आणि प्रचंड धोक्याचं आहे, आणि म्हणूनच गुरू, दीक्षा, समय म्हणजे दीक्षेत घेतलेल्या वचनांची बंधनं, हा सगळा पसारा लागतो.

देवतायोगावर पण चांगलं आहे. लोकांना वाटतं देवतेची पूजा करतात, तर तसं नाहीये. साधक आधी स्वतःला आणि जगाला शून्यतेत विरघळवतो, त्या शून्यतेतून बीजाक्षर (त्या देवतेचं मंत्राक्षर), त्यातून देवता, आणि ती देवता म्हणजे तो स्वतःच. शेवटी तीही परत विरघळते. हा उत्पत्तिक्रम, आणि पुढे शरीरातल्या सूक्ष्म नाड्या, वायू, बिंदू यांच्यावर काम करतो तो निष्पन्नक्रम. पारमितेची वाट म्हणजे कारण पेरत बसा, फळ कधीतरी येईल, आणि इथे फळच आधी हातात धरून चालायचं, म्हणून याला फलयान पण म्हणतात. क्रिया, चर्या, योग आणि अनुत्तरयोग हे तंत्रांचे चार वर्ग मात्र मॅडमनी भराभर गुंडाळलेत, तिथे पॉज करून नोट्स घ्या.

सिद्धांचं लेक्चर मराठी माणसाने चुकवू नये. चौऱ्याऐंशी सिद्ध, म्हणजे तंत्रसाधनेतून सिद्धी मिळवलेले योगी, त्यात ब्राह्मण आहेत, राजे आहेत, विणकर, चांभार, कोळी, चोर सगळे आहेत. विरूपा गुत्त्यात बसून दारू पितो, पैसे द्यायचे नसतात म्हणून सूर्यच थांबवून ठेवतो. नारोपा नालंदेचा मोठा पंडित, त्याला एक म्हातारी विचारते, तुला शब्द कळतात की अर्थ, आणि गडी विद्यापीठ सोडून तिलोपा या सिद्धाला गुरू करायला त्याच्या शोधात निघतो. यांची गाणी, चर्यापदं, संशोधक हरप्रसाद शास्त्रींना १९०७ मध्ये नेपाळच्या दरबार ग्रंथालयात सापडली आणि १९१६ ला छापून आली. आणि या चौऱ्याऐंशीत कोण आहेत, तर मीनपा, गोरक्षपा, चौरंगी! मीनपाची कथा म्हणजे तो कोळी, माशाच्या पोटात अडकतो आणि तिथूनच महादेव उमेला सांगत असलेलं गुह्य ज्ञान ऐकतो. आता ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय संपताना माउलींनी आपली गुरुपरंपरा सांगितलीये ती आठवा, क्षीरसमुद्र, शक्तीच्या कानात सांगितलेलं, माशाच्या पोटात बसून ऐकणारे मत्स्येंद्र, मग चौरंगी, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. तीच कथा! तिबेटी मठात आणि आळंदीच्या परंपरेत एकच मासा पोहतोय हे मला या कोर्सआधी माहीत नव्हतं. म्हणजे ज्ञानेश्वर बौद्ध होते असं कुणी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये येऊ नका, पण मध्ययुगात योगी लोकांची ये-जा पंथांच्या कुंपणाला विचारून होत नव्हती एवढं नक्की.

पण मग वेरूळला फक्त चार मिनिटं? बारा नंबरच्या लेण्यात, तीन ताल म्हणतात ते, भिंतीवर नऊ चौकटींचं मंडल कोरलंय, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचे). कान्हेरीच्या ४१ नंबरमध्ये अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) उभा आहे. औरंगाबाद लेण्यांत सात नंबरला आठ भयांपासून वाचवणारा अवलोकितेश्वर. हे सगळं आपल्या दाराशी असताना कोर्समध्ये एका स्लाइडवर तीन फोटो आणि पुढे. मराठी कोर्समध्ये तरी हे चालायला नको होतं.

तिबेटचा भाग ओके. राजा ठ्रिसोंग देत्सेन, त्याने बोलावलेले भारतीय आचार्य शांतरक्षित आणि पद्मसंभव, साम्ये विहार, मग दुसऱ्या लाटेत १०४२ ला तिकडे गेलेले पंडित अतिश, नारोपाचा शिष्य मार्पा, त्याचा मिलारेपा. चांगलं आहे पण हे इतरत्रही मिळतं. हिंदी लेखक राहुल सांकृत्यायन तिबेटमध्ये जाऊन जाऊन संस्कृत पोथ्या हुडकायचे तो किस्सा मात्र ऐका.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी. गुह्यसमाजासारख्या तंत्रांत पाच मांसं, पाच अमृतं, मैथुन हे स्पष्ट लिहिलंय, आणि मॅडम, ज्या शैवांच्या बाबतीत इतक्या बेधडक बोलल्या, इथे आल्या की 'हे सगळं प्रतीकात्मक आहे, संध्याभाषा (सांकेतिक भाषा) आहे' म्हणून दोन वाक्यांत सुटतात. संध्याभाषा आहेच, शब्दांना ठरलेले गुप्त अर्थ आहेतच. पण त्याच कोर्समध्ये दोन लेक्चर पुढे त्याच सांगतात की अतिशांनी त्यांच्या बोधिपथप्रदीप या ग्रंथात लिहिलंय, ब्रह्मचारी भिक्षूने गुह्य आणि प्रज्ञाज्ञान अभिषेक (मैथुनाशी जोडलेल्या वरच्या दीक्षा) घेऊ नये. अहो, सगळं नुसतं प्रतीकच असतं तर अतिशांना मनाई करायची गरज काय होती? काही लोक अक्षरशः करत होते, काही मनात करत होते, आणि विहारांना याचं काय करायचं हा खरोखरचा पेच होता, हे सरळ सांगायचं ना. श्रोते मोठी माणसं आहेत. स्त्रियांच्या बाबतीतही तसंच, दीक्षा घेतलेल्याने टाळायच्या मूळ अपराधांतला चौदावा म्हणजे स्त्रीची निंदा, कारण ती प्रज्ञास्वरूप, हे कौतुकाने सांगितलंय, लक्ष्मींकरा या सिद्ध स्त्रीचं नाव घेतलंय, पण प्रत्यक्ष विधीत बाईची इच्छा किती विचारली जायची हा प्रश्न कुणी काढतच नाही.

दुसरी तक्रार, क्विझ. ती मॅडमनी बनवलेली नसणार, नक्की. 'तंत्रयानाचा संस्थापक कोण' असा प्रश्न आणि बरोबर उत्तर पद्मसंभव! याला एकच संस्थापक नाही हे पटवायला मॅडमनी तासच्या तास घालवलेत. मी 'यापैकी नाही' दिलं आणि लाल फुली मिळाली. सपोर्टला लिहिलं तर 'फीडबॅकसाठी धन्यवाद' एवढंच आलं. पीडीएफ नोट्समध्ये फॉन्ट फुटलाय, जोडाक्षरं सगळी वेगळी पडलीत, त्यामुळे प्रत्यवेक्षणाज्ञान हा शब्द वाचूनच दाखवा.

आणि शेवटचा मॉड्यूल, 'घरबसल्या साधना'. यात दुसराच कुणीतरी माणूस येतो, मागे बासरी वाजते आणि डोळे मिटा, तुमच्या हृदयात प्रकाश बघा, तुम्हीच वज्रसत्त्व (शुद्धीची देवता) आहात, तणाव जातोय, समृद्धी येतेय. शंभर अक्षरी मंत्र स्क्रीनवर, सोबत म्हणा. त्याच्या आधीच्याच लेक्चरमध्ये मॅडम काय म्हणाल्या, की कलश अभिषेकाशिवाय (पहिल्या दीक्षेशिवाय) देवतेचं ध्यान करायचं नाही, गुरूकडून पाठ ऐकून घ्यायची आगम-परंपरा लागते, समय लागतो, गुरूने शिष्याला आणि शिष्याने गुरूला आधी वर्षानुवर्षं पारखायचं असतं. मग हे काय आहे? शून्यतेचं नाव नाही, बोधिचित्ताचं (सगळ्यांच्या भल्यासाठी बुद्ध व्हायच्या संकल्पाचं) नाव नाही, शेवटी विरघळवणं पण नाही, देवता तशीच लटकत सोडून बासरी बंद. दीक्षा घ्यायचीच असेल तर परंपरा जिवंत आहेत, तिबेटी मठ आहेत, काठमांडू खोऱ्यात तिथल्या नेवार समाजाचे वज्राचार्य (तांत्रिक पुरोहित) आहेत, दलाई लामांनी २०१७ मध्ये बोधगयेला कालचक्र या तंत्राचा अभिषेक दिला तेव्हा लाखभर लोक होते. व्हिडिओ बघून सर्टिफिकेट डाउनलोड करायचं हा प्रकार त्यात बसत नाही.

पाचपैकी साडेतीन. इतिहासाची आवड असेल, लेण्या बघत फिरत असाल, नाथपंथ किंवा वारकरी परंपरेवर वाचत असाल तर नक्की घ्या, पैसे वसूल आहेत. मन:शांतीसाठी घेत असाल तर नका घेऊ. मॅडम जरा संथ बोलतात, सव्वापट स्पीडवर लावा, फक्त वज्र-घंटेचं लेक्चर नॉर्मल स्पीडवर बघा. आणि ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर तिबेट संपल्या संपल्या ती बासरी आपोआप सुरू होते.